पाण्यावरची खोली की पाण्याजवळचा मुक्काम? मालदीव-अंदमानच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, यंदा तूर विकून आलेल्या पैशांतून घरच्या पाच जणांनी समुद्रकाठच्या रिसॉर्टवर चार रात्री राहायचे ठरवले आहे, तर मालदीवला जावे की अंदमानला. यजमान शेती करतात, सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या असून त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, मुलगा बारा वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची आहे. समुद्रात पोहणे कोणालाच येत नाही. ताईंच्या मनात मालदीवची ती पाण्यावर खांब रोवून बांधलेली लाकडी खोली भरली आहे, आणि जाहिरातीतला दर पाहता ती अडीच लाखांत बसेल असे त्यांना वाटते. शेजाऱ्यांनी सहा दिवसांत सात ठिकाणे दाखवणारी अंदमानची सहल सुचवली आहे. पण धावपळ नको, एका जागी बसून समुद्र मनसोक्त पाहायचा आहे, हे ताईंनी दोनदा लिहिले आहे.

मी दारव्ह्याहून गेली अठरा वर्षे सहली नेतो. सुरुवात शेगाव-माहूर-तिरुपतीपासून झाली आणि पुढे लोकांच्या आग्रहाने अंदमान, मग लक्षद्वीप आणि मालदीव असा विस्तार झाला. त्या अनुभवावरून सांगतो की ताईंच्या प्रश्नात जे दोनदा लिहिले आहे तेच सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि मालदीव की अंदमान हा प्रश्न त्यानंतरचा आहे. आपल्याकडच्या सहलीला दर्शनाची सवय आहे: पहाटे चारला गाडी सुटते, दिवसभरात पाच ठिकाणे होतात आणि रात्री मुक्कामाच्या जागी फक्त पाठ टेकली जाते. बेटावरचे रिसॉर्ट याच्या नेमके उलट आहे. तिथे मुक्काम हाच कार्यक्रम असतो. त्यामुळे खोली कशी आहे यापेक्षा खोलीसमोरचा किनारा कसा आहे, त्या किनाऱ्यावर तुमच्या पाच जणांपैकी प्रत्येकाला दिवसातून किती तास पाण्याशी जाता येईल आणि तिथवर पोहोचताना सासूबाईंना किती पायऱ्या व किती होड्या चढाव्या लागतील, हे पाहून निवड करावी लागते. जाहिरातीत खोली दिसते, किनारा दिसत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. नवरा-बायको दोघेच असते, पोहता येत असते किंवा पैशांची मर्यादा दुप्पट असती, तर माझे उत्तर वेगळे आले असते. शाळेच्या सुटीचा अडसर नसता तर तारखाही वेगळ्या सुचवल्या असत्या. पुढचे सारे या पाच जणांसाठी, या पैशांत आणि ताईंना मिळू शकणाऱ्या सुटीत बसेल अशा बेताने लिहिले आहे.

आधी मालदीवविषयी, कारण ताईंचे मन तिथे आहे. हिंदी महासागरातल्या या देशात सुमारे १,२०० लहान प्रवाळबेटे आहेत आणि त्यांचे कडे गोलाकार मांडणीत पसरलेले आहेत. १९७२ मध्ये तिथे पहिले रिसॉर्ट सुरू झाले आणि तेव्हापासून एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी पद्धत रुजली. याचा व्यवहारातला अर्थ असा की तुम्ही राहाल ते अख्खे बेट त्या रिसॉर्टचे असते. बाहेर टपरी नाही, दुसरे जेवणघर नाही, औषधाचे दुकान नाही आणि समोरच्या बेटावर जायचे तर होडीही त्यांचीच. शांतता हवी असणाऱ्यांना हे फार आवडते, आणि ते खरोखर सुंदरही असते. परंतु खर्चाचा प्रत्येक आकडा खोली आरक्षित करताना ठरून जातो, नंतर हाताशी काही राहत नाही.

जाहिरातीतला दर बहुधा दोन मोठ्या माणसांचा आणि एका खोलीचा असतो. पाच जणांना दोन खोल्या लागतात. त्या दरावर दहा टक्के सेवाशुल्क आणि त्यावर पर्यटनाचा १७ टक्के कर लागतो, म्हणजे शंभराचे जवळजवळ एकशे एकोणतीस होतात. शिवाय जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी प्रत्येक रात्रीला १२ डॉलर हरित कर आहे. पाच जणांचे चार रात्रींचे २४० डॉलर फक्त त्याचेच झाले. यानंतर येते ती विमानतळापासून बेटापर्यंतची ने-आण. माले शहराजवळच्या विमानतळावरून जवळच्या बेटांवर स्पीडबोट जाते, दूरच्या बेटांवर पाण्यावर उतरणारे छोटे विमान जाते, आणि या विमानाचे जाण्या-येण्याचे माणशी चारशे-पाचशे डॉलर सहज होतात. ते विमान फक्त दिवसाउजेडी उडते, त्यामुळे तुमचे मुख्य विमान दुपार टळल्यावर पोहोचले तर एक रात्र मालेजवळ काढावी लागते, तिचा खर्च वेगळा. मी हे सर्व मांडून पाहिले आहे आणि पाच जणांसाठी अडीच लाखांत पाण्यावरच्या दोन खोल्या बसत नाहीत, हे ताईंना स्पष्ट सांगणे माझे काम आहे.

पैसे असते तरी त्या खोलीला मी या कुटुंबासाठी नाही म्हटले असते. खोलीच्या ओसरीवरून शिडी थेट पाण्यात उतरते, बऱ्याच ठिकाणी ओसरीला पुरता कठडा नसतो आणि खालचे पाणी कुठे कमरेइतके तर कुठे पुरुषभर असते. सात वर्षांची मुलगी सोबत असताना घरातले एक मोठे माणूस चारही दिवस फक्त तिच्यावर लक्ष ठेवत बसेल. अनेक रिसॉर्ट लहान मुलांना अशा खोल्या देतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. सासूबाईंसाठीही लाकडी पुलावरून जेवणघरापर्यंतचे अंतर दिवसातून तीनदा चालणे जड जाईल.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या घरांना ठाऊक नसते. मालदीवच्या सीमाशुल्क नियमांनुसार पूजेच्या मूर्ती देशात आणता येत नाहीत. दारू आणि डुकराचे मांसही आणता येत नाही, पण त्याचा आपल्या कुटुंबांशी संबंध येत नाही. मूर्तीचा मात्र येतो. सासूबाईंच्या पिशवीत गजानन महाराजांची किंवा बाळकृष्णाची लहानशी मूर्ती असणारच, असे गृहीत धरून मी निघण्याआधी घरच्यांना विचारतो. विमानतळावर ती काढून ठेवावी लागली तर त्या माउलीची पुढची सहल तिथेच संपते. हा त्यांचा देश आहे आणि नियम त्यांचा आहे, तो आधी माहीत असला की मान राखून वागता येते.

मालदीवच हवे असा घरातल्यांचा आग्रह असेल, तर रिसॉर्टऐवजी लोकवस्तीच्या बेटावर राहावे. २००९ पासून तिथे अतिथीगृहांना परवानगी मिळाली आहे. मालेच्या दक्षिणेला स्पीडबोटीने पाऊण तासाच्या आत पोहोचता येणारे माफुशी हे त्यांतले सर्वांत परिचित बेट. लहान अतिथीगृहात हरित कर निम्मा, म्हणजे सहा डॉलर आहे. दुकाने आहेत, शाळा आहे, मशीद आहे, लोकांचे रोजचे जीवन डोळ्यांना दिसते. गावात खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावे लागतात आणि दारू मिळत नाही. आपल्या घरातल्या बायकांना साडीत किंवा सलवार-कमीजमध्ये तिथे अवघडल्यासारखे मुळीच होत नाही. जेवणात ट्यूना मासा आणि खोबरे सर्वत्र असते, त्यामुळे शाकाहारी माणसाने भाजीत माशाचा चुरा घातला आहे का हे प्रत्येक वेळी विचारावे लागते. पण यासाठीही पाचही जणांचे पारपत्र लागेल, आणि ताईंच्या पत्रावरून ते अजून काढलेले दिसत नाही.

म्हणून माझे उत्तर अंदमान आहे, परंतु शेजाऱ्यांनी सुचवलेले, सहा दिवसांत सात ठिकाणे दाखवणारे अंदमान नव्हे. एक रात्र श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर. मग सलग चार रात्री एकाच बेटावर, एकाच रिसॉर्टमध्ये. आणि परत येऊन शेवटची रात्र पुन्हा श्रीविजयपुरमला. ते एक बेट कोणते, यावर मी पुष्कळ विचार केला. बहुतेक सहली हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर दोन-तीन रात्री ठेवतात आणि नील, म्हणजे आताच्या शहीद द्वीपाला अर्ध्या दिवसात उरकतात. या कुटुंबासाठी मी हे उलटे करीन आणि चारही रात्री शहीद द्वीपावर देईन.

कारण सांगतो. स्वराज द्वीप मोठे आहे. तिथला राधानगरचा किनारा धक्क्यापासून सुमारे बारा किलोमीटरवर, पश्चिमेला आहे, आणि बरीचशी रिसॉर्टे दुसऱ्या बाजूला, पूर्वेच्या विजयनगर-गोविंदनगरकडे आहेत. राधानगर अप्रतिम आहे, पांढरी वाळू आणि मागे उंच झाडांचे रान असा किनारा आपल्या देशात क्वचितच दिसेल. पण तिथे लाटा येतात आणि पोहता न येणाऱ्याने गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. शहीद द्वीप लहान आहे. धक्क्यावर उतरल्यावर भरतपूरचा किनारा हाकेच्या अंतरावर आहे, समोर प्रवाळाच्या कड्याने अडवलेले उथळ, संथ, हिरवट निळे पाणी आहे, आणि तळाला काच बसवलेल्या होड्या तिथूनच निघतात. सासूबाईंना पाण्यात न उतरता, बसल्या जागेवरून प्रवाळ आणि मासे दाखवता येतील अशी यासारखी दुसरी सोय मला माहीत नाही. ताईंच्या यजमानांसाठीही एक गोष्ट आहे. हे बेट फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेल्या कुटुंबांचे आहे. आत वळलात की भाताची खाचरे, भाजीचे वाफे, सुपारी आणि नारळाच्या बागा लागतात, आणि अंदमानच्या बाजारात जाणारी बरीच भाजी इथली असते. कोरडवाहू कपाशी करणारा आमचा माणूस तिथल्या बांधावर बंगाली शेतकऱ्याशी तोडक्यामोडक्या हिंदीत तासभर बोलत उभा राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. राधानगर पाहिले नाही का, असे गावात कोणी ना कोणी विचारील. त्याची खंत वाटणार असेल तर चारपैकी एक रात्र स्वराज द्वीपाला द्यावी. पण मग आणखी एकदा सामान बांधणे आणि आणखी एकदा बोट चढणे आले, आणि ते सासूबाईंच्या गुडघ्यांना विचारूनच ठरवावे.

इथपर्यंतचे थोडक्यात असे: पाण्यावरची खोली या कुटुंबाला पैशांत बसत नाही आणि सुरक्षितही नाही, अंदमान बसते, मात्र एका बेटावर थांबून. माझ्या हिशोबात नागपूरहून येण्याजाण्याची विमानाची तिकिटे हा निम्म्याहून अधिक खर्च आहे, आणि ती दोन-तीन महिने आधी काढली तर दोन खोल्या, बोटी आणि जेवण धरून अडीच लाखांत सहल होते, थोडे हाती राहते.

आता भरती-ओहोटीविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या आपल्या माणसांची सर्वांत मोठी निराशा इथूनच येते. माझ्या पहिल्या अंदमान सहलीत नेर आणि दारव्ह्याची मंडळी होती. शहीद द्वीपावर आम्ही दुपारी पोहोचलो तर समोर निळे पाणी नव्हतेच. दूरवर काळपट खडक, शेवाळ, मेलेले प्रवाळ आणि मधे मधे डबकी. एक आजोबा काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "समुद्रही आटते काय जी?" त्यांच्या डोळ्यांसमोर मे महिन्यातले अडाण धरण असावे. माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण मी वेळापत्रक बोटीचे पाहिले होते, पाण्याचे पाहिलेच नव्हते. दोन तास थांबून आम्ही निघालो, आणि आम्ही बोटीत चढत असताना पाणी परत येत होते.

त्यानंतर मी पंचांग उघडून सहल आखू लागलो. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत मागेही जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा हा चढउतार कमी असतो. अंदमानात उधाणाच्या दिवशी हा फरक सुमारे दोन मीटर होतो, आणि उथळ किनाऱ्यावर दोन मीटर उतरणे म्हणजे पाण्याची कड शेकडो पावले मागे जाणे. मालदीवमध्ये हा फरक त्याच्या निम्माच असतो, म्हणून तिथल्या फोटोंत पाणी नेहमी खोलीखाली दिसते. पोहता न येणाऱ्या कुटुंबाने मुक्कामाचे मधले दिवस अष्टमीच्या आसपास येतील असे पाहावे, म्हणजे उथळ पाणी बराच वेळ हाताशी राहते. शहीद द्वीपावरच्या लक्ष्मणपूरजवळची नैसर्गिक दगडी कमान मात्र ओहोटीतच पाहता येते, तिथवर ओल्या निसरड्या खडकांवरून चालावे लागते, आणि तिथे सासूबाईंना नेऊ नये. वाळू आणि खडकावर चालताना सगळ्यांच्या पायांत मागून बंद असलेले रबरी बूट असावेत. प्रवाळाने कापलेला पाय आठवडाभर चिघळतो, आणि आपल्या पायाखाली तुटलेले प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षे लागतात.

तारखांचे गणित असे आहे. दिवाळीची सुटी नको, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे ईशान्य मोसमी पाऊस असतो, बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे येतात, आणि तसेही तेव्हा घरी सोयाबीन निघालेले आणि कापूस वेचणीला आलेला असतो. उत्तम काळ जानेवारी ते एप्रिल, पण तेव्हा शाळा आहे. ताईंना १ मेच्या ध्वजारोहणाला आणि निकालाला हजर राहावे लागेल, म्हणून २ मेला निघून १० मेच्या आत परतावे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस अंदमानात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोहोचतो, त्यामुळे हा आठवडा साधारणपणे कोरडा मिळतो. मालदीवमध्ये मात्र पावसाळी वारे मे महिन्यातच सुरू होतात, हे अंदमानच्या बाजूने आणखी एक कारण. मे महिन्यातही उपसागरात वादळ होऊ शकते. २०१९ मध्ये फनी आणि २०२० मध्ये अम्फान याच हंगामातले होते. म्हणून निघण्याच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचे अंदाज रोज पाहावेत आणि तारीख बदलता येईल अशीच तिकिटे घ्यावीत, थोडी महाग पडली तरी. ताईंना हिवाळ्यात आठ दिवसांची रजा मिळत असेल तर ती मी केव्हाही अधिक पसंत करीन.

शेवटची रात्र श्रीविजयपुरमला का, हेही सांगायला हवे. एका नोव्हेंबरात माझी बावीस माणसे स्वराज द्वीपावर होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारचे विमान होते. कमी दाबाचा पट्टा तयार झाला, बंदरावर धोक्याचा बावटा लागला आणि दोन दिवस एकही बोट सुटली नाही. विमान गेले, बावीस तिकिटे गेली, आणि त्यांतल्या एका घरी मुलीचे लग्न आठ दिवसांवर होते. पाऊस आणि वारा कोणाच्या हातात नसतो, पण बेटावरून निघाल्या दिवशीच विमान धरण्याचा बेत मी केला होता, ती चूक माझी होती. त्यानंतर आजवर एकदाही मी तसा बेत केलेला नाही.

प्रवासात शेलूबाजारहून समृद्धी महामार्गाने नागपूर अडीच-तीन तासांत येते, पुढे कोलकाता आणि तिथून श्रीविजयपुरम. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असावीत, म्हणजे पहिले विमान उशिरा पोहोचले तर पुढची जबाबदारी विमान कंपनीची राहते. तसे जमले नाही तर कोलकात्यात एक रात्र काढावी. श्रीविजयपुरमहून शहीद द्वीपाची खासगी बोट साधारण दीड-दोन तासांची असते आणि बंद, थंड असते. बोट लागू नये म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी सुटण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी, सासूबाईंना रक्तदाबाची औषधे चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊच नये. सकाळची बोट निवडावी, कारण तेव्हा पाणी बहुधा शांत असते. बसायला मधली जागा मागावी आणि पोट अगदी रिकामे ठेवू नये. धक्क्यावरून बोटीत जाताना फळीवर दोन्ही बाजूंनी आधार देणारी दोन माणसे हवीत; ताई आणि यजमान दोघांनी सासूबाईंना धरावे आणि मुलांचा हात तेवढ्यापुरता खलाशांच्या हाती द्यावा.

पाण्याविषयी मुलाला आताच सांगून ठेवावे. विहिरीत ट्यूब किंवा पाठीला डबा बांधून पोहणे शिकलेली आपल्याकडची मुले समुद्राला भीत नाहीत, आणि मला त्याचीच काळजी वाटते. विहिरीचे पाणी जागेवर असते, समुद्राचे पाणी माणसाला घेऊन चालते. ट्यूब तर मुळीच नेऊ नये, कारण जमिनीकडून वारा असला की ती मुलासकट आत सरकते आणि काठावरून हाका मारण्यापलीकडे काही करता येत नाही. अंगात नीट बांधलेले जीवरक्षक जॅकेट, पाणी छातीच्या खाली आणि एक मोठे माणूस मुलांच्या समुद्राकडच्या बाजूला उभे, हा माझ्या सहलींतला नियम आहे. परतीच्या लाटेच्या ओढीत सापडल्यास काठाकडे न झगडता काठाला समांतर सरकावे, म्हणजे ओढ सुटते. खारफुटीच्या खाड्यांत तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. जिथे मगरीची पाटी आहे तिथे, आणि कुठेही तिन्हीसांजेनंतर, पाण्यात उतरू नये. स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्यासाठी, मुलाचे वय पुरेसे असले तरी मी पहिल्या सहलीत नळीचा मुखवटा लावून उथळ पाण्यात मासे पाहणे एवढेच सुचवतो. यजमानांनी स्कूबा केलेच तर त्यानंतर पुढचे विमान किमान चोवीस तासांनी असावे, आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर करूच नये.

दिवसाची घडी तिथे वेगळी बसवावी लागते. अंदमान आपल्या वाशिमच्या पूर्वेला सुमारे सोळा रेखांश आहे आणि घड्याळ मात्र तेच, त्यामुळे तिथे सर्व काही तासभर आधी घडते. पहाटे पाचला लख्ख उजाडते आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. संध्याकाळचा चहा घेऊन सहाला किनाऱ्यावर जाऊ असा बेत केला तर अंधार हाती लागतो. पाच ते नऊ आणि तीन ते साडेपाच ही पाण्याची वेळ, मधला वेळ सावलीचा. तापमान आपल्याकडच्या चव्वेचाळीसच्या मानाने काहीच नाही, बत्तीस-तेहतीस असते, पण एप्रिलच्या अखेरीपासून सूर्य तिथे जवळजवळ माथ्यावर येतो आणि समुद्रावरच्या वाऱ्यात अंग भाजलेले कळत नाही. मुलांच्या अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. हवा इतकी दमट असते की आपला कूलर तिथे काही कामाचा नाही, म्हणून सासूबाईंच्या खोलीला वातानुकूलन असावे, एवढा खर्च जरूर करावा. सकाळ-संध्याकाळ वाळूत बारीक माश्या चावतात आणि त्यांची खाज चार दिवस टिकते. पायांना खोबरेल लावून आणि वाळूवर थेट न बसता खुर्चीवर बसून बरेच टळते.

पहिल्या दिवशी श्रीविजयपुरमला सेल्युलर जेल पाहावे. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ या काळात अंदमानात कैदेत होते आणि त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. सासूबाईंना जिने झेपणार नाहीत. त्यांनी खाली पिंपळाच्या झाडाजवळ बसावे आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम सर्वांनी मिळून पाहावा. बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहांचा बेत या सहलीत नको. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव वनातून जातो, पहाटे तीन-चारला निघून दिवस जातो, आणि त्या लोकांच्या घरातून आपण कॅमेरे घेऊन जावे हे मला स्वतःला पटत नाही. येताना मुलांच्या खिशात किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे नाहीत ना हे पाहावे. ते वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात आणि विमानतळावर सामान तपासताना काढून घेतले जातात.

रिसॉर्ट ठरवताना मधल्या माणसाच्या शब्दावर राहू नये. एका मध्यस्थाने मला समुद्राभिमुख म्हणून दिलेल्या खोल्यांसमोर दोनशे पावले खारफुटी होती आणि समुद्र नुसता ऐकू येत होता. त्या वर्षीपासून मी स्वतः रिसॉर्टला फोन करतो आणि तेच ते प्रश्न विचारतो: खोलीच्या दारातून वाळूपर्यंत किती पावले आणि किती पायऱ्या, ओहोटीत समोर वाळू उघडी पडते की खडक, जेवणघर खोलीपासून किती दूर, शौचालय पाश्चात्त्य पद्धतीचे आहे का, वीज गेल्यावर जनित्र रात्रभर चालते का, आणि आपल्या तारखांना भरती किती वाजता आहे. शेवटच्या प्रश्नाला जो लगेच उत्तर देतो, त्याचे रिसॉर्ट खरोखर किनाऱ्यावर असते.

त्या आठवड्यात एकादशी येते का, हेही पंचांगात पाहून घ्यावे. शाकाहारी जेवण शहीद द्वीपावर सहज मिळते, पण साबुदाणा आणि भगर मिळेलच याची खात्री नाही. दोन्ही थोडे थोडे, भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटासह पिशवीत असावे, म्हणजे स्वयंपाकघरातला मुलगा सांगितल्याप्रमाणे करून देतो. ताईंनी तारखा नक्की झाल्या की तिथींसह इथे लिहाव्यात. कोणत्या दिवशी किती वाजता भरतपूरच्या पाण्यावर जायचे आणि काचेच्या होडीत सासूबाईंना कोणत्या वेळी बसवायचे, ते मी दिवसवार लिहून देईन.